पहिली आवृत्ती, पण कुठली?

जुनी पुस्तकं ऑनलाइन बघत बसायची खोड असेल तर थोड्याफार फरकाने हे लिस्टिंग तुम्हीही पाहिलं असेल: "टोमास मान, बुडनब्रोक्स, इंग्रजी, फर्स्ट एडिशन, १९०१." फोटो तीन-चार, सगळे धूसर, किंमत अशी की आधी चष्मा पुसून परत बघावं. आणि गंमत म्हणजे विकणारा मुद्दाम खोटं बोलत असतो असंही नाही. त्याने पुस्तक उघडलं, छपाईच्या तपशिलात जे सगळ्यात जुनं साल दिसलं ते टाइप केलं, विषय संपला. आता १९०१ ला बर्लिनच्या एस. फिशरने ही कादंबरी दोन खंडांत काढली ती जर्मनमध्ये. इंग्रजी वाचकाच्या हातात ती पडली १९२४ ला, न्यूयॉर्कला क्नॉफने आणि लंडनला मार्टिन सेकरने काढली तेव्हा, लो-पोर्टर बाईंच्या अनुवादात. मधे तेवीस वर्षं गेली, एक अख्खं महायुद्ध होऊन गेलं, आणि या पठ्ठ्याने १९०१ ला इंग्रजी प्रत छापून टाकली पण.

असं साल दिसलं की मी हल्ली चिडत नाही, उलट लिस्टिंग नीट वाचतो, कारण ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे कधीकधी खरंच काहीतरी चांगलं पडलेलं असतं आणि त्याची किंमत त्याने चुकून कमी लावलेली असते. हा स्वार्थ झाला, मान्य आहे.

तर अनुवादित जर्मन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या ओळखणं हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद. घरचे याला रद्दी म्हणतात. मूळ इंग्रजी कादंबरीचं गणित त्या मानाने सोपं, लंडन आधी की न्यूयॉर्क आधी एवढं बघितलं की बहुतेक वेळा काम भागतं. अनुवादाचं तसं नाही. आधी मूळ जर्मन पुस्तक, त्याच्याही आधी बरेचदा पेपरात किंवा मासिकात क्रमशः, मग इंग्रजीतलं पहिलं दर्शन, ते पुन्हा कधी मासिकात, मग लंडनची पहिली, अमेरिकेची पहिली, आणि नंतर नवीन अनुवादक आला की त्याची पहिली. यातली प्रत्येक आवृत्ती कुठल्यातरी अर्थाने पहिलीच असते, म्हणून नुसतं "फर्स्ट एडिशन" लिहिलेलं असलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाची?

पहिल्या महायुद्धावरच्या रेमार्कच्या कादंबरीचं उदाहरण घ्या, ते सगळ्यांना माहीत असतं. "इम वेस्टन निश्ट्स नॉयेस" आधी फॉसिशे त्साइटुंग या बर्लिनच्या पेपरात १० नोव्हेंबर १९२८ पासून महिनाभर आलं, मग जानेवारी १९२९ ला प्रोपिलेअन फेर्लागने पुस्तक काढलं, जे उल्श्टाइन या बड्या घराण्याचं अंग. दीड वर्षाच्या आत एकट्या जर्मनीत दहा लाख प्रती गेल्या. इंग्रजीत मार्च १९२९ ला लंडनच्या पुटनमने "ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट" आणलं, म्हणजे जर्मन पुस्तक येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अनुवादक ए. डब्ल्यू. व्हीन, ऑस्ट्रेलियन, स्वतः त्याच पश्चिम आघाडीवर पलीकडच्या खंदकात लढलेला, मिलिटरी मेडल मिळालेला, आणि नंतर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या लायब्ररीत नोकरी करणारा माणूस. जर्मन सैनिकाची गोष्ट इंग्रजीत आणायला त्याच्याविरुद्ध लढलेला सैनिक मिळाला, यापुढे पहिल्या आवृत्तीच्या किमतीबिमती मला जरा फिक्याच वाटतात.

माझ्याकडची पुटनमची प्रत मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवरून आलेली, त्या रांगा जोरात होत्या तेव्हाची. पुठ्ठ्याच्या आत, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढं थॅकरचं लेबल, रॅम्पार्ट रो, बॉम्बे. मुखपृष्ठावरचं कागदी जॅकेट केव्हाच गेलंय. मुख्य पान उलटलं की मागे पहिल्या प्रकाशनाची ओळ, मार्च १९२९, आणि तिच्या खाली पुनर्मुद्रणांची उतरंड लागलेली, ओळीखाली ओळ, वाचताना छापखान्याची धावपळ ऐकू येते अक्षरशः. त्यामुळे माझी प्रत पहिली नाही हे दोन सेकंदात कळतं. पहिल्या छपाईत ती पहिली ओळ एकटी उभी असते आणि खाली मोकळी जागा. ब्रिटिश प्रकाशकांचा हा जुना प्रामाणिकपणा मला आवडतो, केव्हा केव्हा छापलं ते सगळं सांगून मोकळे. मग ही प्रत ठेवलीय कशाला? तर त्या लेबलासाठी. १९२९-३० च्या सुमारास मुंबईत कुणीतरी गरम गरम वाचायला हे पुस्तक विकत घेतलंय.

आता अमेरिकेची आवृत्ती. बॉस्टनची लिटल, ब्राउन, जून १९२९. अनुवाद तोच, व्हीनचाच, पण पुस्तक तेच नाही. सभासदांना दर महिन्याला एक निवडक पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबने ते निवडलं आणि काही भाग सभासदांना झेपणार नाही म्हणून काढायला लावला, आणि लिटल, ब्राउनने काढला. सैनिक मोकळ्या मैदानात संडासाच्या खोक्यांवर गोल करून निवांत बसलेत, पत्ते खेळताहेत, गप्पा मारताहेत, हा सुरुवातीचा प्रसंग गेला. हॉस्पिटलमध्ये एका जखमी सैनिकाला भेटायला त्याची बायको कितीतरी दिवसांनी येते आणि वॉर्डातले बाकीचे त्या दोघांना सांभाळून घेतात, तोही गेला. माणसं कापली जाताना चालतात, संडासाला बसलेली चालत नाहीत. तर सांगायचं काय, ही प्रत तपासायला साल बघायची गरजच नाही, पहिलं प्रकरण उघडा आणि ती खोकी शोधा. लंडनच्या प्रतीत आहेत, अमेरिकन पहिल्या आवृत्तीत नाहीत. अमेरिकेतल्या वाचकांनी पुढची कित्येक वर्षं ही कापलेलीच कादंबरी वाचली आणि तिच्यावर जीव टाकला, हा इतिहास ती प्रतच सांगते, त्यामुळे कापलेली म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

बाकी ओळखायची मुख्य जागा म्हणजे कॉपीराइट पेज, मुख्य पानाच्या मागचं, आणि तिथे प्रत्येक प्रकाशकाची आपली आपली रीत, घराण्याच्या गायकीसारखी, एकाचे नियम दुसऱ्याला लावले की बेसूर. लंडनचा गोलान्झ पहिल्या छपाईत काही बोलायचाच नाही. काफ्काचं "द ट्रायल" त्यांनी १९३७ ला काढलं, म्युअर दांपत्याचा अनुवाद, तर त्या काळच्या गोलान्झच्या पुस्तकावर पहिली आवृत्ती असं शोधत बसलात तर सापडणार नाही, उलट दुसरी-तिसरी छपाई असेल तर तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे काही लिहिलेलं नसणं हाच पुरावा. जोनाथन केप मात्र साल देऊन सांगणार. क्नॉफने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर "फर्स्ट अमेरिकन एडिशन" असं स्वच्छ लिहायला घेतलं, त्याआधीच्या पुस्तकांत मात्र पुढच्या छपायांचा उल्लेख नाही ना एवढंच बघायचं. आणि या "फर्स्ट अमेरिकन एडिशन" वरून बरेच जण धरून चालतात की म्हणजे लंडनची आधी आली असणार. तसं काही नाही. पुस्तक आधी परदेशात निघालंय एवढंच त्यातून कळतं, आणि ते परदेश म्हणजे नुसतं जर्मनी किंवा स्वित्झर्लंडही असू शकतं. ज्यूसकिंडचं "दास पार्फ्यूम" झ्युरिकच्या डिओगेनेसने १९८५ ला काढलं, इंग्रजी "परफ्यूम" १९८६ ला न्यूयॉर्कहून क्नॉफकडून आणि लंडनहून हॅमिश हॅमिल्टनकडून, अनुवादक जॉन ई. वुड्स, एकच. यात कोण आधी यावर लोक भांडतात, मी जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती घेतो.

नंतर नंतर तो आकड्यांचा प्रकार आला, नंबर लाइन, तळाशी १ ते १० आकडे आणि प्रत्येक नव्या छपाईला सगळ्यात लहान आकडा उडवायचा. १ दिसला की पहिली. कोणालाही जमेल, म्हणून मला त्यात फारसा रस नाही. अपवाद एकच मजेशीर, रँडम हाउस. त्यांच्याकडे बरीच वर्षं पहिल्या छपाईतली ओळ २ पासून सुरू व्हायची आणि बरोबर "फर्स्ट एडिशन" हे शब्द असायचे, दुसऱ्या छपाईला ते शब्द काढायचे, २ तसाच राहायचा. म्हणजे २ बघून दुसरी छपाई समजून पुस्तक परत ठेवणारे किती गेले असतील देव जाणे.

जर्मन बाजूला आणखी एक भानगड आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांत "१ ते १० हजार" असं प्रतींचं मोजमाप छापलेलं असायचं, आणि फिशरसारखे प्रकाशक कधीकधी हजार-हजार प्रतींनाच एकेक आवृत्ती म्हणायचे, त्यामुळे पहिल्याच छपाईच्या पुस्तकावर "पहिली ते दहावी आवृत्ती" असं असू शकतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बापरे, दहावी, आणि तो ठेवून देतो. आपल्याकडे "तीन महिन्यांत पाचवी आवृत्ती" असा पट्टा मुखपृष्ठावर मारायची हौस आहेच, तेव्हा हे आपल्याला तरी नवीन वाटायला नको.

बुक क्लबच्या प्रती हा वेगळा ताप. अमेरिकन प्रकाशकाची पहिली आवृत्ती आणि क्लबची प्रत समोरासमोर ठेवली तर पुष्कळदा मजकूर तोच, मांडणी तीच, क्वचित "फर्स्ट एडिशन" हे शब्दसुद्धा तसेच राहिलेले. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसेल तर शंका घ्यायची, पण किंमत कापलेलीही असते, भेट देताना लोक कात्रीने तो कोपरा कापायचे. मग पुस्तकाचं जॅकेट काढायचं, मागचा पुठ्ठा आपल्याकडे करायचा, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, कण्याच्या बाजूला, अंगठा हळू फिरवायचा. तिथे कापडात दाबलेला लहानसा खड्डा लागतो, कधी टिकली, कधी चौकोन, रंगबिंग काही नाही, नुसता दाब. डोळ्यांना दिसत नाही, तिरका उजेड पाडला की दिसतो. अंगठ्याला मात्र लगेच कळतं. युद्धानंतरच्या क्लबच्या प्रतींना हे लागू, १९२९-३० च्या वेळी तर क्लब बरेचदा प्रकाशकाने छापलेलीच प्रत सभासदाला पाठवायचा, तिथे अंगठा काही कामाचा नाही.

नाव बघूनही फसायला होतं. कानेटीची "दी ब्लेंडुंग" व्हिएन्नाला १९३५ ला आली, इंग्रजीत सी. व्ही. वेजवुड या इतिहासकार बाईंनी नेली, लंडनला १९४६ ला केपने "ऑटो-दा-फे" म्हणून छापली, आणि पुढच्या वर्षी क्नॉफने तोच अनुवाद न्यूयॉर्कला "द टॉवर ऑफ बेबल" म्हणून. फॉइश्टवांगरचं "युड ज्यूस" लंडनला सेकरकडे "ज्यू सस", अमेरिकेत व्हायकिंगकडे नुसतं "पॉवर", दोन्ही १९२६. ज्याला हे माहीत नाही तो एकच पुस्तक दोनदा विकत घेतो, किंवा माझ्यासारखा मुद्दाम घेतो.

आणि गटेच्या "वेर्थर" चं तर काय सांगावं, १७७९ ला लंडनच्या डॉड्सलीने काढलेला पहिला इंग्रजी अनुवाद जर्मनवरून केलेलाच नाही, फ्रेंचवरून केलेला. ती प्रत माझ्या खिशाच्या पार पलीकडची, म्हणून तिच्याबद्दल मनमोकळं बोलता येतं.

पण या सगळ्या नादात मला खरं धरून ठेवलं ते १९३३ नंतरच्या पुस्तकांनी. तोपर्यंत क्रम सरळ असतो, आधी जर्मन, मग इंग्रजी. मे १९३३ ला बर्लिनच्या चौकात पुस्तकं जाळली, लेखक पळाले, प्रकाशक पळाले किंवा बंद पडले, आणि तो क्रमच उलटापालटा झाला. जर्मनमध्ये लिहिलेली कादंबरी छापायला खुद्द जर्मनीच उरली नाही. ॲमस्टरडॅमच्या क्वेरिडोसारख्या प्रकाशकांनी काही वर्षं तग धरला, १९४० ला हॉलंड पडलं तेव्हा तेही गेलं.

आना झेगर्स घ्या. "दास झीब्टे क्रॉइत्स", म्हणजे सातवा क्रूस, नाझी छळछावणीतून पळालेल्या सात कैद्यांची गोष्ट, तिने पॅरिसला निर्वासित असताना लिहिली. हस्तलिखिताच्या प्रती इकडेतिकडे पाठवून ठेवल्या, काही हरवल्या, एक न्यूयॉर्कला वाइस्कोफ या लेखकमित्रापर्यंत पोचली आणि त्याने ती प्रकाशकापर्यंत नेली. सप्टेंबर १९४२ ला लिटल, ब्राउनने "द सेव्हन्थ क्रॉस" काढलं, अनुवाद गॅल्स्टनचा, आणि तेही क्लबने उचललं, म्हणजे प्रती रग्गड. जर्मन पुस्तक त्यानंतर आलं, मेक्सिको सिटीत, निर्वासितांनीच चालवलेल्या एल लिब्रो लिब्रे या प्रकाशनाकडून. तिचं पुढचं "ट्रान्झिट", मार्सेयच्या बंदरात व्हिसासाठी अडकलेल्या माणसांचं, इंग्रजीत १९४४ ला आलं आणि जर्मन पुस्तक निघायला १९४८ उजाडलं. आता सांगा, यात मूळ कुठलं धरायचं? लिहिलं जर्मनमध्ये हे खरं. पण जगातली पहिली छापील प्रत बॉस्टनची, इंग्रजी, अनुवाद. संग्राहकांच्या रूढ हिशोबात अनुवादाची प्रत नेहमी दुय्यम, मूळ भाषेतली पहिली तीच खरी पहिली. इथे तो हिशोब चालत नाही, आणि बाजाराला अजून ते नीटसं कळलेलं दिसत नाही, क्लबने धो धो वाटल्यामुळे झेगर्सच्या इंग्रजी प्रती स्वस्तात मिळतात. क्लबची की दुकानातली हे मात्र तपासून घ्या.

सगळ्यात टोकाचं उदाहरण बोश्विट्सचं. उलरिश अलेक्झांडर बोश्विट्स, बर्लिनचा पोरगा, नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूंविरुद्धच्या दंगलीनंतर झपाटल्यासारखी एक कादंबरी लिहिली. एक ज्यू व्यापारी, पैशाची बॅग घेऊन ट्रेनमागून ट्रेन बदलत जर्मनीभर फिरतोय कारण उतरायला सुरक्षित ठिकाणच नाही. लंडनला हॅमिश हॅमिल्टनने १९३९ ला ती "द मॅन हू टुक ट्रेन्स" नावाने काढली, लेखकाचं नाव जॉन ग्रेन असं घातलेलं, अमेरिकेत पुढच्या वर्षी "द फ्यूजिटिव्ह". म्हणजे टोपणनाव एक, शीर्षकं दोन, आणि जर्मन आवृत्ती शून्य. इंग्लंडने त्याला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून ऑस्ट्रेलियाच्या छावणीत पाठवला, तिथून सुटून परत येताना २९ ऑक्टोबर १९४२ ला आबोस्सो नावाचं जहाज टॉर्पेडोने बुडालं, त्यात तो गेला, वय सत्तावीस. जर्मन टंकलिखित फ्रांकफुर्टच्या निर्वासित साहित्याच्या संग्रहात पडून होतं, ते संपादित होऊन क्लेट-कोट्टाने पुस्तक काढलं २०१८ ला. मूळ कादंबरी अनुवादापेक्षा एकोणऐंशी वर्षांनी लहान! आणि मग त्या जर्मनवरून परत नवा इंग्रजी अनुवाद झाला, २०२१, "द पॅसेंजर". आता दुकानात नवं कोरं "द पॅसेंजर" दिसतं आणि लोकांना वाटतं की हे पुस्तक इंग्रजीत पहिल्यांदा आलंय. जॉन ग्रेन या नावाखाली एखादी जीर्ण प्रत कुठे पडली असेल तर ती ओळखणारं सहसा कोणी नसणार. लायब्ररीतून बाद केलेल्या पुस्तकांत मी हे नाव अजून शोधतो.

या निर्वासितांचा एक धागा थेट मुंबईत येतो. प्रागचा विली हास, बर्लिनला साहित्यिक साप्ताहिक चालवायचा, तो १९३९ ला निघून मुंबईला आला आणि दिग्दर्शक भवनानींच्या सिनेमांसाठी पटकथा लिहित राहिला. निघण्याआधी काफ्काची मैत्रीण मिलेना हिने तिला आलेली काफ्काची पत्रं हासकडे सोपवलेली. युद्धानंतर तो जर्मनीत परतला, १९५२ ला ती पत्रं त्याने संपादित करून छापली आणि पुढच्या वर्षी ती इंग्रजीत आली. कादंबरी नाही म्हणून माझ्या यादीत बसत नाही, पण ज्या शहराच्या फुटपाथवर मी काफ्का धुंडाळला तिथेच काफ्काचा हा माणूस सिनेमाचे संवाद खरडत होता, हे एकदा कळलं की डोक्यातून जात नाही.

पैशाबद्दल लोक विचारतातच, तर ते पण. किंमत बहुतांश जॅकेटची असते, पुस्तकाची नाही. १९३० च्या आसपासची कादंबरी जॅकेटशिवाय घेतली तर काही वेळा दहाव्या हिश्श्यातसुद्धा मिळते, आणि जॅकेट असेल तर ते रंगीत झेरॉक्स तर नाही ना हे भिंग लावून बघा, छापलेल्या ठिपक्यांवरून आणि घडीवरच्या पांढऱ्या शुभ्र कागदावरून कळतं. जॅकेटच्या मागे त्याच पुस्तकाची परीक्षणं छापलेली असतील तर जरा थांबा, परीक्षणं पुस्तक आल्यावर येतात, त्यामुळे ते जॅकेट नंतरच्या छपाईवरून उचलून घातलेलं असू शकतं. "द मॅजिक माउंटन" ची क्नॉफची १९२७ ची मानच्या सहीची दोनशे प्रतींची आवृत्ती कोणी स्वस्तात देत असेल तर विषय तिथेच सोडा. मी स्वतः विनाजॅकेटवाल्यांच्या पंथातला. समोर झकपक जॅकेटातला ग्रासचा "द टिन ड्रम" १९६२, सेकर अँड वॉरबर्ग, आणि बाजूला उघडाबोडका, कणा उन्हाने पिवळा पडलेला १९४४ चा "ट्रान्झिट" असेल, तर मी "ट्रान्झिट" उचलणार आणि भाव करताना ग्रासकडे टक लावून बघणार, म्हणजे दुकानदाराला वाटेल की मला पाहिजे तो हा.